तवंदी घाटातलं साटंलोटं

शर्यतीत उतरायचा विचार माझा नव्हता. तो आमच्या समोरच्या यमनाप्पाचा होता. मोटार तेवढी माझी होती.

बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या साहेबलोकांचा एक मोटार क्लब होता. नाताळ जवळ आला की ही मंडळी आपापल्या मोटारी कुठल्या तरी घाटात नेत, एकमेकांच्या पुढे पळवत आणि संध्याकाळी चांदीचा एक पेला एकमेकांना देत. आम्हा लोकांचा या प्रकाराशी संबंध आला तर तो रस्त्याकडेला उभं राहून धूळ खाण्यापुरता. पण छत्तीस साली क्लबातले निम्मे साहेब रजेवर विलायतेला गेले, मोटारी कमी पडायला लागल्या आणि 'स्थानिक सभ्य गृहस्थांनीही भाग घ्यावा' अशी पाटी कोर्टाच्या आवारात लागली. बेळगावहून निघायचं, संकेश्वरावरून पुढे जाऊन तवंदीचा घाट उतरायचा आणि निपाणी गाठायची. मोटारी थोड्या थोड्या अंतराने सोडणार. सर्वांत कमी वेळात पोचेल तो जिंकला. वाटेत कुणी लबाडी करू नये म्हणून प्रत्येक मोटारीत चालकाखेरीज एक साक्षीदार बसवायचा. साहेबांचा साक्षीदारावर भारी विश्वास. रोज कोर्टात बसूनही तो कसा टिकतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

माझ्याकडे एक जुनी बेबी ऑस्टिन होती. ती कशी आली हे सांगत बसत नाही. माझी वकिली चालत नव्हती आणि मोटार चालत होती, एवढं पुरे.

पाटी वाचून मी शहापुरात घरी आलो, तो यमनाप्पा माझ्या ओसरीवर बसलेला. त्याचे दोन हातमाग. लुगडी विणायची. पण माग बायको चालवायची आणि हा गावाचे विचार चालवायचा.

"साहेब्रे, पाटी वाचली न्हवं? शहापुरात मोटार कुणाकडं हाय? तुमच्याकडं. आनि सभ्य गृहस्थ कोण हाय?" इथे तो जरा अडला. "तेबी तुम्हीच धरू."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण त्याने पुढची बातमी दिली. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी अंबाजीराव आपली लांबलचक शेवरलेट घेऊन शर्यतीत उतरत होते.

आता या अंबाजीरावांचं आमच्या घरी काय महत्त्व, ते सांगायला हवं. माझी थोरली विधवा बहीण, अक्काताई, माझ्याकडेच राहायची. तिची मुलगी अंजनी लग्नाची होती. अंबाजीराव श्रावणात आपल्या मुलासाठी तिला बघून गेले होते. पोहे खाल्ले, अंजनीला नाव विचारलं, मला वकिलीत कसं काय आहे ते विचारलं, आणि गेले. त्यानंतर दसरा झाला, दिवाळी झाली, तुळशीचं लग्नसुद्धा झालं, पण निपाणीहून ना होकार ना नकार. अक्काताई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची, आणि टपालवाला दिसला की त्याच्या हातांकडे बघायची. अंजनीने तर त्या दिशेला बघणंच सोडलं होतं. दोघींचं ते बघणं आणि न बघणं मला घरात राहू देत नसे.

"अंबाजीराव स्वतःला समजतात तरी काय!" मी म्हणालो आणि नाव नोंदवून आलो.

अक्काताईने कपाळावर हात मारला. "शामू, हरलास तर म्हणतील पोरीचा मामा नेभळा. जिकलास तर म्हणतील उद्धट. तुला कुणी सांगितलतं ह्यो उद्योग?"

"आक्का, शर्यत ही शर्यत असते. सोयरीक वेगळी."

"सोयरीक वेगळी कुठली? सोयरीक त्येच मोटारीत बसलीय." मग जरा विचार करून ती म्हणाली, "साक्षीदार लागतोय न्हवं? मग मीच येणार. निपाणीस्तवर जायाचंच हाय तर त्येंच्या तोंडातनं काय ते काढून तरी येऊ."

अशा तऱ्हेने साहेबांच्या शर्यतीत माझी बहीण मुलीचं लग्न ठरवायला निघाली.

दरम्यान यमनाप्पा कॅम्पात जाऊन अंबाजीरावांची मोटार बघून आला. येताना त्याने दोरीवर चाकाचं माप आणलं होतं.

"पन्हा बघा साहेब्रे, पन्हा! त्येच्या टायरचा पन्हा एवढा, आनि तुमच्या टायरचा एवढा. त्येचं लुगडं हाय, तुमचा खण!"

टायरच्या रुंदीला पन्हा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पण खण हा शब्द मनाला लागला. सगळी गल्ली जमली. रुंद टायर हवेत यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. एकाने हत्तीचं उदाहरण दिलं. हत्तीचा पाय रुंद, म्हणून हत्ती घसरून पडलेला कुणी बघितलाय? कुणीच बघितला नव्हता. तशी हत्तीची शर्यतही कुणी बघितली नव्हती, पण हे त्या वेळी सुचलं नाही.

आमच्या घरातून, म्हणजे माझ्या बायकोने, जयाबाईने, तेवढं वेगळं मत दिलं. "पायापरास वहाण मोठी झाली की माणूस पळत न्हाय, फरफटतंय."

मी तिला वहाण आणि टायर यांतला फरक समजावून सांगितला. बायकांना यातलं कळत नाही, असं मी म्हणालो नाही. पण माझा चेहरा म्हणाला असावा, कारण त्या दिवशी आमटी अळणी होती.

बेळगावात गुंडू नावाचा एक फिटर होता. पूर्वी तो खानापूरच्या एका भाताच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली. कशाने, ते तो सांगत नसे. जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर हातोड्याने बसवता येते, अशी त्याची श्रद्धा होती. एका मोडीत निघालेल्या लष्करी गाडीचे टायर त्याच्याकडे पडून होते.

"घेर त्योच हाय वकीलसाहेब, रुंदी जरा बदल हाय," तो म्हणाला.

"माझ्या चाकावर बसेल?"

"बसतंय का असं इचारायचंच न्हाय. बसवायचं."

आणि त्याने बसवले. टायर चाकावर बसले खरे, पण चौरंगावर भोपळा ठेवल्यासारखे. माझ्या चाकाची लोखंडी कड अरुंद. त्या टायरच्या दोन्ही कडा तिच्यात दाबून कोंबल्या होत्या आणि वर त्याचं पोट दोन्हीकडे सुटलं होतं. गाडी हलवली तर पोट मडगार्डला घासायला लागलं. गुंडूने मडगार्ड कापून काढले. मग लक्षात आलं की चाक पुरतं वळवलं तर टायर आत स्प्रिंगांना घासतो.

"निम्मंच वळवायचं," गुंडू म्हणाला. "निपाणीचा रस्ता सरळ हाय."

"आणि तवंदीचा घाट?"

"त्यो उतार हाय."

या उत्तरात काहीतरी कमी आहे असं मला वाटलं. पण वकिलाने फिटरशी वाद घालून हरणं बरं दिसत नाही.

माझे जुने टायर मी गाडीत मागे टाकले आणि घराकडे निघालो. आता, आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांचं. मध्ये अंतर म्हणाल तर एक गटार. तेवढं ओलांडलं की राजा बदलायचा. नाक्यावरच्या कारकुनाने मोटार अडवली.

"टायर हायत मागं. जकात पडंल."

"अहो, हे माझेच टायर. सकाळी इथूनच गेले."

"सकाळी चाकावर होते. आता मालात हायत."

मी त्याला मालकी आणि माल यांतला भेद कायद्याने सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आता जे चाकावर हायत तेबी नवे दिसत्यात. त्येचंबी बघू या?" माझा संताप अनावर झाला. प्रश्न पैशाचा नव्हता, तत्त्वाचा होता. आणि तत्त्वाचा प्रश्न आला की माणूस नेहमी स्वतःचंच नुकसान करून घेतो. मी मोटार मागे वळवली (निम्मी निम्मी करत, बराच वेळ लागला), जुने टायर गुंडूच्या दुकानात आणून टाकले आणि म्हणालो, "राहू देत तुझ्याकडे. काय करायचं ते कर."

या वाक्याचा अर्थ गुंडूने फार व्यापक घेतला.

पुढची अडचण क्लबाने काढली. मोटार नोंदणीच्या कागदात लिहिली आहे तशीच आहे, असा दाखला हवा. मी शहापुरातल्या कचेरीत गेलो. तिथले अंमलदार सज्जन होते. ते म्हणाले, "टायर बदलले ते दिसतंय. पण आमच्या नमुन्यात टायरच्या रुंदीचा रकानाच नाही. जे आम्ही लिहिलंच नाही, ते बदललं असं कसं लिहू?" म्हणून बेळगावच्या कचेरीत गेलो. तिथल्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मडगार्ड?" मी म्हटलं, काढले. ते म्हणाले, "मग ही मोटार शहापूरची. तिकडे जा." मी बराच हिंडलो. शेवटी मला जो दाखला मिळाला त्यात 'सदर वाहन हे वाहन असल्याचे दिसते' एवढंच होतं. क्लबाच्या साहेबाला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे तो चालला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी यमनाप्पाला शेजारी बसवून मी वडगावच्या रस्त्याला एक चक्कर मारली. सरळ रस्त्यावर गाडी बरी चालली. वळणावर मात्र विलक्षण अनुभव आला. मी वळवली, तरी गाडी लगेच वळेना. चाकाचं लोखंड वळायचं, टायर खाली विचार करत राहायचा, आणि मग एकदम त्याचा विचार पटल्यासारखी गाडी हेलकावा घेऊन वळायची, ती मला हवं होतं त्यापेक्षा जास्त. यमनाप्पा दाराला धरून बसला होता. थांबल्यावर तो म्हणाला,

"साहेब्रे, मागाची फणी जेवढी, तेवढंच कापड. फणीपरास कापड रुंद इल्ला. होतच नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वकील," तो म्हणाला. "म्हटलं तुमच्यात होत असंल."

मी तसाच गुंडूकडे गेलो. माझे जुने टायर परत चढव म्हणालो. गुंडू हात पुसत म्हणाला, "ते गेले की. एक गिऱ्हाईक आलतं, लई घाईत. तुम्हीच म्हणालतासा न्हवं, काय करायचं ते कर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पाच्या मैदानावर मोटारी उभ्या राहिल्या. साहेब घड्याळ आणि निशाण घेऊन उभा. अंबाजीरावांची शेवरलेट माझ्या आधी सुटणार होती. त्यांच्या शेजारी साक्षीदार म्हणून त्यांची पत्नी शालूबाई बसली होती. ती शहापुरात लुगडी खरेदी करायला आली होती आणि आयतीच घरी चालली होती. मागच्या सीटवर लुगड्यांची बोचकी रचलेली. तिने आणि अक्काताईने लांबूनच एकमेकींना नमस्कार केला. अंबाजीरावांनी मला बघून मिशीला हात लावला. तो नमस्कार होता की इशारा, ते ठरवीपर्यंत निशाण पडलं आणि ते गेले. त्यांच्या मोटारीत मला काहीतरी वेगळं वाटलं. मोठ्या अंगाच्या पैलवानाने लहान मुलाच्या चपला घालाव्यात तशी ती दिसत होती. पण मला तेव्हा माझ्याच पायांची काळजी होती.

माझी पाळी आली. साहेबाने विचारलं, साक्षीदार कुठे?

"मी हाय की," अक्काताई म्हणाली. "ह्येची आक्का." मांडीवर कुंद्याचा डबा, हातात छत्री. साहेबाने टोपी काढली.

काकती गाव मागे पडलं. मडगार्ड नसल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा उडून आमच्याकडे येत होता. अक्काताईने छत्री उघडून पुढे धरली. त्यामुळे खडे बंद झाले आणि मला रस्ता दिसायचाही बंद झाला.

"आक्का, छत्री बाजूला घे!"

"तू समोर बघ. इकडचं मी बघतो."

"समोरच छत्री आहे!"

हत्तरगीजवळ गाईंचा कळप नुकताच गेला होता. त्याचं वर्णन करत नाही. तिथून पुढे अक्काताईची छत्री आणि माझा कोट एका रंगाचे झाले. संकेश्वराच्या पुढे रोजची उतारूंची सर्व्हिस मोटार आम्हाला मागे टाकून गेली. तिच्या टपावर कोंबड्यांची खुराडी होती. एक कोंबडी मान बाहेर काढून आमच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"शामू, ती बी शर्यतीत हाय का रं?" अक्काताईने विचारलं.

तवंदीचा घाट सुरू झाला. गुंडू म्हणाला होता तसा तो उतार होता, पण वळणंही होती, आणि वळणं उतारावर होती. पहिल्या वळणाला गाडी झोके घेत, पण वळली. दुसऱ्या वळणाला चाकाने वळायचा निर्णय घेतला आणि टायरने सरळ जायचा. टायरचं पोट एका अंगाला कललं, कड लोखंडातून सुटली, फाटकन आवाज झाला आणि मोटार स्वतःभोवती फिरून दरडीला टेकून उभी राहिली. तोंड बेळगावकडे. मी आधी आक्काकडे बघितलं. तिने कुंद्याचा डबा पोटाशी घट्ट धरला होता.

"पोचलो का?" ती म्हणाली.

दोघेही धड होतो. कुणाची मदत मिळते का बघायला मी चालायला लागलो. पुढचं वळण पार केलं आणि थांबलो. रस्त्याच्या कडेला अंबाजीरावांची शेवरलेट एका अंगावर कलंडून उभी होती. एका जांभळीखाली शालूबाई बोचक्यांवर बसली होती. अंबाजीराव हात मागे बांधून डोंगर बघत होते.

"नमस्कार," मी म्हणालो. "थांबलात?"

"हवा बरी हाय म्हणून जरा थांबलो," अंबाजीराव म्हणाले. "तुम्ही?"

"आम्हीही हवेसाठीच."

हवा हा शब्द दोघांनाही जरा लागला. अक्काताई मागून आली आणि शालूबाईजवळ जाऊन बसली. तिच्या रंगलेल्या छत्रीकडे बघून शालूबाईने काही विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. कुंद्याचा डबा उघडला. लुगड्यांची बोचकी सुटली. बायकांचं बोलणं सुरू झालं.

मी शेवरलेटकडे बघितलं. तिच्या रुंद, भक्कम चाकांवर चार बारीक टायर ताणून बसवले होते. दोन्ही कडा कशाबशा लोखंडाला पोचत होत्या, मधलं रबर ढोलकीच्या कातड्यासारखं ताणलेलं. गाडीच्या ओझ्याने पुढचा एक फाटून लोंबत होता आणि चाकाची कड दगडांवर घासून चकचकीत झाली होती. फाटलेल्या टायरच्या शेजारच्या टायरवर एक तांबडं ठिगळ होतं. ते ठिगळ मी ओळखत होतो. काकतीच्या पुलावर खिळा गेला तेव्हा मीच ते लावलं होतं.

"अंबाजीराव, हे टायर कुठून घेतलेत?"

"आहे एक फिटर. म्हणाला, रुंद टायर धुळीत अडकतोय. बारीक टायर सुरीगत रस्ता कापतोय. म्हणून मुद्दाम बदलले." मग त्यांची नजर वळणाच्या वर उभ्या असलेल्या माझ्या मोटारीकडे गेली. डोळे बारीक करून त्यांनी तिची चाकं बघितली. "तुमचे जरा मोठे दिसत्यात."

"माझ्या चाकांना थोडे जास्त होतात," मी म्हणालो.

"माझ्या चाकांना हे थोडे कमी पडत्यात."

चूक झाली असं कुणीच म्हणालं नाही. दोन प्रतिष्ठित माणसांत तशी भाषा होत नसते. आम्ही दोघे रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून जमिनीकडे बघत होतो. शेवटी मीच तोंड उघडलं.

"मग साटंलोटं करू या का?"

शालूबाई ताडकन उठली.

"साटंलोटं? कसलं साटंलोटं? आमाला एकच पोरगा! द्यायला लेक कुठनं आणू?"

"आनि शामूच्या घरात तरी पोरगा कुठं हाय?" अक्काताईही उठली. "आमाला न इचारता रस्त्यावर काय बोलायलाय रं तुम्ही?"

"अगं, टायरचं बोलायलोय!" अंबाजीराव ओरडले. "टायरचं! त्येंचे मला, माझे त्येंना!"

शालूबाईने कमरेवर हात ठेवले. "टायरचं? श्रावणापास्नं मी कानीकपाळी ओरडतोय, पोरीच्या घरला कायतरी कळवा, पोरगी चांगली हाय, माणसं चांगली हायत. तर तोंड उघडत न्हाईसा. आनि टायरचं साटंलोटं करायला रस्त्यात तोंड उघडलंय? आदी पोरीचं बोला. मग टायरला हात लावायचा!"

अक्काताईने पदर सावरला. मी बघत होतो. सुटलेलं एक बोचकं तिने उगाच बांधायला घेतलं. इतके महिने ती ज्याची वाट बघत होती ते असं घाटात, कलंडलेल्या मोटारीपाशी विचारलं जाईल असं तिला कधी वाटलं नसेल.

अंबाजीराव चुळबुळले. "पोरगी चांगलीच हाय. पोरीत काय न्हाय. पर मामा वकील. उद्या घरात भांड्याला भांडं लागलं, तर त्येंच्याकडं घरचा वकील. दर महिन्याला नोटीस यायची. म्हणून म्हटलं जरा थांबावं."

"आगा बया," शालूबाई म्हणाली. "त्येंची वकिली अजिबात चालत न्हाय, हे सगळ्या बेळगावाला ठावं हाय!"

"व्हय व्हय!" अक्काताई घाईघाईने म्हणाली. "अजिबात न्हाय चालत. देवाशप्पथ. चार चार महिने कोट खुंटीवर असतोय. इचारा की त्यालाच! शामू, सांग की रं!"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. माझ्या बाजूने बोलायला तिथे कुणी नव्हतं. मी स्वतः होतो, पण रोज टपालवाल्याच्या हातांकडे बघणारी अक्काताई माझ्या डोळ्यांपुढे होती.

"खरं आहे," मी म्हणालो. "बेताचीच चालते."

"बेताचीबी न्हाय!" अक्काताई म्हणाली.

"बेताचीही नाही."

अंबाजीरावांनी मोठा श्वास सोडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला श्रावणापासून पहिल्यांदाच मोकळेपणा दिसला. "मग माझा होकार हाय," ते म्हणाले. अक्काताई मटकन बोचक्यावर बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. शालूबाईने तिच्या तोंडात कुंदा घातला. एका माणसाची अब्रू गेल्याने इतकी माणसं सुखी झाल्याचं मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

मग टायरांचं साटंलोटं झालं. कोट काढले, लोखंडी पट्ट्या घेतल्या आणि आम्ही दोघे होणारे सोयरे रस्त्यावर मांडी घालून बसलो. गुंडूने हातोड्याने बसवलेले टायर काढणं म्हणजे दिलेला शब्द परत घेण्याइतकं अवघड. अंबाजीरावांचं बोट चेमटलं, माझं नख गेलं. माझ्या चाकांवरून उतरलेले रुंद टायर त्यांच्या चाकांवर असे बसले की जणू तिथेच जन्मले. माझे जुने माझ्या चाकांवर बसले. फाटलेल्याच्या जागी माझ्याकडचा जादाचा चढवला. दोघांनी आळीपाळीने पंप मारला. मधूनच क्लबाचे दोन साहेब आपापल्या मोटारीतून हात हलवत गेले. आम्हीही हात हलवले. जांभळीखाली मुहूर्त, मानपान आणि लुगड्याचा काठ इथपर्यंत मजल गेली होती.

निपाणीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. साहेब पेला घेऊन कधीच परत गेले होते. गावकऱ्यांनी आपल्या अंबाजीरावांसाठी वाजंत्री आणि हार आणून ठेवले होते. पण वाट बघून ते कंटाळले, आणि जी पहिली मोटार गावात शिरली तिलाच ते अर्पण केले. ती सर्व्हिस मोटार होती. तिच्या चालकाला वाटलं, इतक्या वर्षांच्या सेवेची गावाने आज कदर केली. त्याने हार घालून घेतला आणि चार शब्द बोलून दाखवले म्हणे.

रात्रीचं जेवण अंबाजीरावांच्या घरी. होकाराची बातमी पसरली होती, पंगतीला गावातले व्यापारी आले होते. अंबाजीरावांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"मी तर सगळ्यांच्या पुढं होतो. पर घाटात बघतो तर वकीलसाहेबांची मोटार उलटी. म्हटलं, होणारे सोयरे हायत, टाकून कसं जायाचं? थांबलो. ह्येंनी घातले होते हत्तीगत टायर, ह्या एवढ्याशा चाकांवर!" त्यांनी हातांनी माप दाखवलं. पंगत हसली. "मग मी माझे टायर काढून ह्येंना दिले."

मी घास खाली ठेवला. माझ्याकडे साक्षी होत्या, पुरावा होता, मुद्देमाल बाहेर अंगणात उभा होता. उभ्या आयुष्यात इतका भक्कम खटला माझ्या हाती आला नव्हता. पण मी मुलीचा मामा होतो. मुलीकडचा माणूस सोयऱ्याच्या पंगतीला उलटतपासणी घेत नाही. शिवाय वकिली चालत नसल्याचा कबुलीजबाब मी त्याच दिवशी दिला होता. मी मान खाली घातली आणि भात कालवायला लागलो. अंबाजीरावांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी माझे टायर आणखी मोठे झाले होते.

तेव्हा बायकांच्या बाजूने अक्काताईचा आवाज आला, अगदी अदबशीर.

"खरं हाय सोयरेबुवा. आमच्या शामूचंच चुकलं. तुमचे टायर काय बारीक न्हवते. रस्ताच जरा रुंद हुता."

पंगतीत कुणाला काही कळलं नाही. शालूबाईला कळलं. तिने पदर तोंडात कोंबला, पण हसू आवरेना. हातातली वाढायची पळी ताटात पडली. अंबाजीराव थांबले. त्यांनी अक्काताईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग चेमटलेल्या बोटाकडे. त्यांची मिशी हलायला लागली आणि ते इतके मोठ्याने हसले की बाहेर बैल बुजले.

"वाढा," ते म्हणाले, "वकीलसाहेबांना वाढा. तूप वाढा!"

माझ्या पानात पुरणपोळी पडली आणि तिच्यावर तुपाची धार. इतका स्वच्छ निकाल मला कुठल्याच कोर्टात मिळाला नव्हता.